दगडी कोळसा, घाटमाथ्याचें पाणी आणि मुंबईच्या गिरण्या

मुंबईच्या कापड-धंद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं कापूस, भांडवल, बाजारपेठ आणि मजूर या चार अंगांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. गिरणीचीं यंत्रें ज्या शक्तीनें फिरत, त्या शक्तीचा विचार मात्र बहुधा एखाद्या वाक्यांत उरकला जातो : पूर्वीं वाफ होती, पुढें वीज आली, आणि जमशेटजी टाटा यांची दूरदृष्टि धन्य होय. ही दूरदृष्टि कोणी नाकारीत नाहीं. परंतु एका माणसाच्या दूरदृष्टीमुळें गिरण्यांचे मालक आपलीं चालूं एंजिनें मोडींत काढीत नसतात. त्यांस तसें करावयास लावणारें कारण हिशेबाच्या वहींत असलें पाहिजे. तें कारण कोणतें, आणि त्या वहींत ज्या रकमा कधींच मांडल्या गेल्या नाहींत त्या कोणी भरल्या, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. इंधनाच्या पालटाची चर्चा आज जगभर चालूं असतां हा जुना पालट तपासण्यास आणखीही एक प्रयोजन आहे. तें वाचकांच्या लक्षांत येईलच.

पहिली गोष्ट ही कीं, मुंबईस स्वतःचें इंधन नव्हतें. कावसजी नानाभाई दावर यांनीं सन १८५४ त कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली व ताडदेव येथील ती गिरणी १८५६ त चालूं झाली. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याच्या पायाखालींच कोळसा होता. त्यास कापूस तेवढा समुद्रापलीकडून आणावा लागे. मुंबईच्या गिरणीवाल्याची स्थिति बरोबर उलट होती. कापूस दाराशीं, आणि कोळसा विलायतेस. बंगाल्यांत राणीगंजच्या खाणी होत्या खऱ्या, पण मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० पर्यंत जुळला नव्हता, आणि जुळल्यावरही अंतर हजार मैलांहून अधिक पडे. म्हणून बंगालचा कोळसा बहुधा कलकत्त्यास गलबतांत चढून, सिंहलद्वीपास वळसा घालून मुंबईस येई. मध्यप्रांतांत वरोऱ्यास सरकारनें स्वतः खाण चालविली. परंतु तो कोळसा हलक्या प्रतीचा ठरला व ती खाण १९०६ त बंद झाली.

कोळशाच्या किंमतीचें मर्म येथेंच आहे. कापूस किंवा अफू यांसारख्या मोलाच्या मालावर वाहतुकीचा भार हलका असतो. कोळसा हा वजनानें जड व मोलानें हलका. खाणीच्या तोंडाशीं अवघ्या कांहीं रुपयांस मिळणारा टनभर कोळसा मुंबईच्या गोदींत उतरेपर्यंत अनेक पटींनीं महाग होई. म्हणजे गिरणीवाला किंमत देई ती कोळशाची नव्हे, नुराची व रेल्वे-भाड्याची. यांतूनच एक विलक्षण प्रकार घडे. विलायतेहून हिंदुस्थानाकडे येणारा माल आकारानें थोडा व मोलानें भारी, तर इकडून जाणारा कापूस, गळिताचीं धान्यें, गहूं हा अवजड. येतांना जहाजें अर्धींमुर्धीं रिकामीं येत. तीं भरण्यास कोळसा सोयीचा असल्यामुळें त्याचा नूर स्वस्त पडे, आणि १८६९ त सुवेझचा कालवा खुला झाल्यावर तर विलायती कोळसा मुंबईच्या बाजारांत स्वदेशी कोळशाशीं सहज टक्कर देऊं लागला. सहा हजार मैलांवरचा कोळसा हजार-दीड हजार मैलांवरच्या कोळशाशीं स्पर्धा करतो, हें भूगोलावरून उमगणार नाहीं. तें व्यापाराच्या तोलावरून उमगतें.

गिरणीस किती कोळसा लागे याचा अजमास करतां येतो. चांगल्या वाफेच्या एंजिनास दर अश्वशक्तीमागें तासाला दोन ते तीन रत्तल कोळसा खर्चीं पडे. जुनाट एंजिनास याहून बराच अधिक. हजार अश्वशक्तीची गिरणी दिवसास बारा तास चालली तर दहापासून सोळा टन कोळसा रोज भट्टींत जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत ऐंशींच्या वर गिरण्या होत्या. टनभर कोळसा जाळला कीं प्रतीप्रमाणें दीड ते अडीच टन कर्बाम्ल वायु, आजच्या भाषेंत कार्बन डायऑक्साइड, आकाशांत जातो. त्या काळीं ही रक्कम कोणी मोजीत नव्हतें. मोजला जाई तो डोळ्यांस दिसणारा धूर.

या धुराविरुद्ध ओरड पुष्कळ होती, व १९१२ त मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाचा कायदाही केला. यावरून कित्येकांनीं असा तर्क केला आहे कीं, शहर स्वच्छ करण्याच्या इच्छेनें मुंबई विजेकडे वळली. कालानुक्रम पाहतां हा तर्क टिकत नाहीं. पाण्यापासून वीज करणारी टाटांची पहिली कंपनी ७ नोव्हेंबर १९१० रोजीं नोंदली गेली. धुराचा कायदा त्यानंतरचा. शिवाय धुराचा खर्च गिरणीवाल्याच्या वहींत कोठेंच पडत नव्हता. तो परळ-लालबागच्या चाळींतील माणसाच्या फुप्फुसांत पडे, आणि त्या माणसाची वही कोणी ठेवीत नव्हतें.

विजेचा गिरण्यांत पहिला शिरकाव शक्ति म्हणून झालाच नाहीं, तो उजेड म्हणून झाला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तेजीचा काळ होता. दिवा आल्यामुळें सूर्यास्ताचा अडसर गेला, आणि कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस पंधरा तासांवर जाऊन पोहोंचला. याची चौकशी होऊन अखेर १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली. नव्या शक्तीनें माणसाचे श्रम आपोआप हलके होतात असें समजणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

आतां पाण्याकडे वळूं. पाण्याच्या जोरावर कापसाची गिरणी चालविणें मुंबई इलाख्यास नवीन नव्हतें. बेळगांव जिल्ह्यांत गोकाकच्या धबधब्यापाशीं १८८० नंतरच्या दशकांत निघालेली गिरणी घटप्रभेच्या पाण्यावर चाले. पण तेथें गिरणीच धबधब्याजवळ न्यावी लागली. शक्ति तारेवरून दूर नेतां येऊं लागली तेव्हांच हा प्रश्न पालटला. म्हैसूर संस्थाननें १९०२ त शिवसमुद्रम् येथील कावेरीच्या पाण्याची वीज नव्वदांहून अधिक मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींस पुरविली, आणि हा मार्ग व्यवहार्य असल्याचें या देशांतच सिद्ध झालें. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुंबईच्या कामीं लावावा ही सूचना डेव्हिड गॉसलिंग यांची. जमशेटजींनीं ती उचलून धरली, परंतु १९०४ त ते निवर्तले. पुढील काम सर दोराबजींच्या हातून झालें. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास कोनशिला बसविली, व बरोबर चार वर्षांनीं, ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें खोपोलीचें वीजघर चालूं झालें.

या योजनेची रचना थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व तंटा तींतूनच निघाला. इंद्रायणीच्या उगमाकडील पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेकडे, व तेथून कृष्णेकडे जावयाचें. लोणावळा, वळवण व शिरवटा येथें तें अडवून, घाटाची कड ओलांडून, जाड नळांतून सुमारे सतराशें फूट खालीं खोपोलीस सोडावयाचें, तेथें चक्रें फिरवावयाचीं, आणि निघालेली वीज उच्च दाबाच्या तारांनीं परळच्या ठाण्यावर आणावयाची. वापरलेलें पाणी पाताळगंगेस मिळून पश्चिम समुद्रास जातें. उंची सृष्टीनेंच दिली आहे, पाऊसही भरपूर आहे. पण तो चार महिने. नायगारासारखा बारमाही प्रवाह येथें नाहीं. म्हणून सह्याद्रींतील विजेचा खरा कच्चा माल पाण्याची पडझड हा नसून पाण्याची सांठवण हा आहे, आणि सांठवण म्हणजे खोऱ्यांतील सपाट जमीन. खोऱ्यांतील सपाट जमीन म्हणजे भाताचीं खाचरें. एंजिनिअरांच्या नकाशावर जी जागा तलावास उत्तम, तीच पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यानें भातास उत्तम म्हणून निवडलेली होती.

खर्चाच्या अंगानें कोळसा आणि पाणी यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. कोळशाच्या एंजिनास आरंभीं भांडवल थोडें, पण रोज इंधन विकत घ्यावें लागतें. पाण्यास इंधन फुकट. सर्व खर्च धरण, नळ, यंत्रें व तारा यांत एकदम पुरून टाकावा लागतो, आणि मग तो व्याजाच्या रूपानें वर्षानुवर्षे फेडावा लागतो. म्हणून कोळशाची वीज नुरावर अवलंबून, तर पाण्याची वीज व्याजाच्या दरावर. टाटांच्या योजनेस बहुतेक भांडवल हिंदुस्थानांतच, संस्थानिक व व्यापारी यांजकडून, उभें राहिलें. लंडनच्या पेढ्यांवर ती विसंबून राहिली असती तर कधीं पुरी झाली असती तें सांगवत नाहीं. दुसरी गरज गिऱ्हाइकाची. पुरलेल्या पैशावर व्याज रात्रंदिवस चढतें, तेव्हां वीज घेणारा असा हवा कीं जो दिवसभर एकसारखी, ठरीव प्रमाणांत घेईल. घरगुती दिवे संध्याकाळीं चार तास जळतात. त्यांच्या जोरावर धरण बांधतां येत नाहीं. सकाळपासून रात्रीपर्यंत एका लयींत चालणाऱ्या गिरण्या हेंच त्या काळीं पाण्याच्या विजेचें एकमेव मोठें गिऱ्हाईक होतें. मुंबईंत या गिरण्या नसत्या तर सह्याद्रीचें पाणी होतें तसेंच भीमेस मिळत राहिलें असतें, असें माझें मत आहे.

तरीही गिरणीवाले एकदम वळले नाहींत. ज्याचें एंजिन जुनें व बॉयलर बदलण्याच्या घाईस आलेला, तो विजेस राजी; ज्यानें नुकतेंच नवें एंजिन बसविलें, तो टाळाटाळ करी. हें शहाणपणाचेंच होतें. या टाळाटाळीवर जालीम उपाय केला तो महायुद्धानें. खोपोली सुरू झाली तेव्हां युद्धास सहा-सात महिने झाले होते. जहाजें लष्कराच्या कामीं अडकलीं, कलकत्त्याहून समुद्रमार्गें येणारा कोळसा जवळजवळ थांबला, आणि सर्व भार रेल्वेवर पडला. वाघिणी पुऱ्या पडेनात. १९१७ त सरकारास कोळशाच्या वांटपावर नियंत्रक नेमावा लागला. कोळसा महाग झाला एवढ्यानें भागत नव्हतें, तो वेळेवर येईल कीं नाहीं याचीच शाश्वति उरली नाहीं. कापडास मात्र भाव चढलेला. अशा वेळीं गिरणी एक दिवस बंद राहणें म्हणजे नुसतें नुकसान. विजेचा दर किती स्वस्त यापेक्षां ती उद्यां नक्की येणार, हेंच तिचें खरें मोल ठरलें. याच वर्षांत आंध्र खोऱ्याची कंपनी (१९१६) व तिच्यामागून टाटा पॉवर कंपनी (१९१९) निघाली, हा योगायोग नव्हे.

आंध्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण होऊन भिवपुरीचें वीजघर १९२२ त चालूं झालें. तिसरी योजना मुळा व नीळा यांच्या संगमापाशीं, मुळशीस. पहिल्या दोन योजनांतही गांवें बुडालीं व माणसें उठलीं. मुळशीस मात्र माणसें उठावयास तयार होईनात. बुडीतांत बावन्न गांवें व सुमारे अकरा हजार लोक येत होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों मावळे स्त्रीपुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले व काम थांबलें. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' ही पदवी लाभली ती या लढ्यांत. 'जान किंवा जमीन' ही त्या वेळची घोषणा. गांधीजींनींही त्याच महिन्यांत 'यंग इंडिया'त लिहून, कायद्याच्या हक्कावर न बसतां लोकांशीं विचारानें वागावें असें टाटांस विनविलें. विनायकराव भुस्कुटे यांनीं स्वतः या लढ्यांत भाग घेऊन त्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे, आणि अलीकडे राजेंद्र व्होरा यांनीं त्याचें साधार विवेचन केलें आहे. तेव्हां घटनांची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. येथें पाहावयाचें तें मोलाच्या हिशेबाचें.

जमीन घेतली ती १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याखालीं. हा कायदा सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठीं खाजगी कंपनीकरितांही जमीन घेण्याची मुभा देत असे. मोबदला ठरविण्याची त्यांतील रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. जमिनीचा बाजारभाव धरावयाचा, आणि सक्तीबद्दल त्यावर शेंकडा १५ जास्त द्यावयाचे. पण ज्या कामासाठीं जमीन घेतली त्या कामामुळें तिचें जें मोल वाढेल, तें हिशेबांत मुळींच धरावयाचें नाहीं, असें चोविसाव्या कलमांत स्पष्ट सांगितलें होतें. म्हणजे मुळशीच्या खाचराची किंमत आंबेमोहोर पिकविणारें शेत म्हणून व्हावयाची; लक्षावधि टन कोळशाची जागा घेणारा पाण्याचा सांठा म्हणून नव्हे. शेतकऱ्यापाशीं जें होतें त्याचें मोल एका मापानें, आणि कंपनीला जें मिळालें त्याचें दुसऱ्या मापानें. दोन मापांमधील अंतर कोणाच्या पदरांत पडलें हें सांगावयास नको.

त्यांतही आणखी एक गोम होती. पेट्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नांवावर चढलेली होती. कसणारा मावळा, सातबारावर नांव सावकाराचें. मोबदल्याची रक्कम नांवाप्रमाणें जाणार. त्यामुळें सावकारांचा कल लढ्याकडून लौकरच चांगल्या रकमेकडे वळला, आणि कुळाच्या हातीं घर, गुरांचें रान आणि देवाचें ठिकाण सोडून जाण्यावांचून कांहीं उरलें नाहीं. पुण्यांतील पुढारी मंडळींतही या बाबतींत एकवाक्यता नव्हती. स्वदेशी भांडवल, स्वदेशी वीज, परदेशी कोळशापासून सुटका, या तीन गोष्टी ज्यांस प्रिय त्यांस मुळशीकरांचा विरोध अडचणीचा वाटणें साहजिक होतें. आणि त्यांस केवळ भांडवलाचे हस्तक म्हणून मोकळें होणें हा अन्याय होईल. राष्ट्राचें हित आणि मावळ्याचें हित यांत खरोखरच विरोध आला होता. मात्र त्या विरोधाचा निर्णय करतांना ज्याचें जाणार त्यास शेवटपर्यंत बरोबरीनें बसविलें गेलें नाहीं, हा दोष उरतोच. ९ डिसेंबर १९२४ रोजीं सेनापति बापटांनीं कामावरील मजुरांची आगगाडी अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ त भिरा येथील वीजघर सुरू झालें.

एवढें करून कोळसा हटला काय ? मुळींच नाहीं. युद्ध संपतांच जहाजें मोकळीं झालीं, आणि दक्षिण आफ्रिकेचा कोळसा तेथील रेल्वेच्या सवलतीच्या जोरावर मुंबईच्या बाजारांत बंगालच्या कोळशास मागें सारूं लागला; या तक्रारीची चौकशी करण्यास सरकारनें १९२४-२५ त कमिटी नेमली. खुद्द विजेची गाडीही पाण्याशीं एकनिष्ठ राहिली नाहीं. बोरीबंदर ते कुर्ला हा मार्ग ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेवर चालूं झाला, आणि १९२९-३० पर्यंत घाट चढून वीज पुण्यास पोहोंचली, परंतु जी. आय. पी. रेल्वेनें स्वतःचें वीजघर उभारलें तें कल्याणजवळ चोळा येथें, आणि तें कोळशावर. रेल्वेपाशीं कोळसा वाहून आणण्याची साधनें घरचींच होतीं, तेव्हां तिच्या दृष्टीनें हिशेब निराळा होता. घाटांतून कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या चढत राहिल्या.

पुढील काळांत शहराची मागणी पाण्याला आंवरेनाशी झाली. तुर्भे येथें टाटांचें औष्णिक वीजघर १९५६ त सुरू झालें. कोयनेची पहिली यंत्रें १९६२ पासून फिरूं लागलीं. तरी महाराष्ट्राची बहुतांश वीज अखेर विदर्भाच्या व परप्रांतांच्या कोळशावर येऊन ठेपली, आणि ज्या वरोरा-चंद्रपूरच्या कोळशास एके काळीं हलका म्हणून नाकारलें होतें तोच मुलूख राज्याची भट्टी बनला. कारण पुन्हा वाहतुकीचेंच होतें : कोळसा मुंबईस आणण्याऐवजीं खाणीच्या तोंडाशीं जाळून वीज तारेवरून आणणें आतां स्वस्त पडूं लागलें होतें.

या तीन तलाव-समूहांच्या पाण्याचें माप कृष्णा पाणी-तंटा लवादानें बांधून दिलें आहे. न्या. बच्छावत यांच्या निवाड्याप्रमाणें टाटांच्या कामांसाठीं एका वर्षांत ५४.५ अब्ज घनफुटांहून, व लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी पश्चिमेस वळवितां येत नाहीं. सरासरी धरली तर वर्षास सुमारे ४२ अब्ज घनफूट, म्हणजे १२० कोटी घनमीटर. पांचशें मीटरांच्या आसपास पडणाऱ्या एका घनमीटर पाण्यापासून यंत्रांतील घट वजा जातां सव्वा युनिटाच्या आंत-बाहेर वीज निघते. त्या हिशेबानें वर्षाकांठीं दीडशें कोटी युनिटांच्या जवळपास होतात. हीच वीज आजच्या औष्णिक वीजघरांत करावयाची तर दहा लाख टनांच्या सुमारास कोळसा लागेल, आणि कर्बाम्ल वायु त्याहून अधिक सुटेल. शंभर वर्षांत मिळून ही बचत केवढी झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पण हेंच पाणी पूर्वेस गेलें असतें तर भीमेच्या कांठच्या कोरड्या मुलुखांत किती एकर भिजले असते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि दुष्काळाच्या दर सालीं सोलापूरकडील लोक तो विचारतात. समुद्रास मिळालेल्या पाण्यानें वाचविलेला कोळसा एका पारड्यांत, न भिजलेलें शेत दुसऱ्यांत. दोन्ही पारडीं तोलणारा तराजू अद्याप कोणी केलेला नाहीं.

सन २०२३ त टाटा पॉवर कंपनीनें महाराष्ट्र सरकाराशीं नवा करार केला. शिरवटा येथें १८०० व भिवपुरी येथें १००० मेगावॉट शक्तीचे असे दोन प्रकल्प त्यांत आहेत, कीं ज्यांत वीज स्वस्त असेल तेव्हां पाणी वर चढवावयाचें आणि महाग असेल तेव्हां खालीं सोडावयाचें. दुपारीं सूर्याची वीज ओसंडून वाहते आणि संध्याकाळीं तिचा तुटवडा पडतो, या दोन वेळांच्या भावांतील अंतरावर हा सारा व्यवहार उभा आहे. शंभर वर्षांपूर्वीं पावसाळा व उन्हाळा यांमधील अंतर भरून काढण्यासाठीं खोरीं बुडविलीं. आतां दुपार आणि सांज यांमधील अंतरासाठीं तेच घाट, तोच उतार आणि तीच सांठवण पुन्हा हिशेबांत आली आहे.